माझ्या तोंडावर पुतळाबाईचा हक्क

लिहून ठेवणार मी, धर्मा गोपाळ केणी, वय सदुसष्ट, धंदा शेती, राहणार गोखिवऱ्यापलीकडची खाडीकाठची वाडी, तालुका वसई, जिल्हा ठाणे. शिक्षण चौथी, तेही अर्धवट. उजवा कान गेला आहे, चालताना तोल जातो, पण डोकं शाबूत आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आहे. येत्या गुरुवारी त्याच डोक्याचं हाड कापून त्या आतली गाठ काढणार आहेत. तेव्हा कोणाच्या दडपणाखाली न येता हे लिहितो.

१. राहतं घर बायको पुतळाबाई हिच्या हयातीत तिचं राहील. तिला तिथून कोणी उठवायचं नाही. बँकेत औषधपाण्यातून काही उरलं तर तेही तिचं. बहुतेक उरणार नाही.

२. पुतळाबाईचे दोन्ही कान लग्नानंतर लवकरच मुदतीच्या तापात गेले. ती बोलते, पण समोरच्याचं बोलणं ओठांवरून वाचते, आणि नीट वाचता येतात ते माझेच. भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधाला उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार, आहे. तिची फळी मी खाली उतरून लावायचो, ही वर बांधावर उभी. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे आणि हिने बरोबर तीच फळी पुढे करायची. आमची भांडणंही अशीच झाली. शेजाऱ्यांना कधी पत्ता लागला नाही.

थोरला भाऊ हिरू त्या तापानंतर म्हणाला होता, तिला माहेरी धाड, दुसरी कर. म्हणून सामाईक ताडांपैकी माझ्या वाट्याचे त्याला मिळणार नाहीत. ते सून रीमाला द्यावेत. ती सासूच्या समोर उभी राहून बोलते.

३. उघाडीच्या फळ्या, पहार आणि कुदळ शेजारी पास्कलच्या पडवीत ठेवाव्यात. ज्याला बांध राखायचा त्याने न्याव्यात. माझा मुलगा दीपेश याला त्यात रस नाही.

४. कान जड झाला तेव्हा उघाडीत बुडी मारताना खारं पाणी आत गेलं असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. आमच्याकडे ते व्हायचंच. दोन पावसाळे लसणाचं कोमट तेल घातलं. तोवर गाठ वाढत होती. गाठ वाईट जातीची नाही, पण चेहरा हलवणारी नस तिच्यावर ओल्या कागदासारखी ताणून चिकटली आहे. ती दुखावली तर अर्धं तोंड लोंबेल आणि डोळा मिटणार नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कपाळात आणि ओठाजवळ बारीक सुया लावू, नसेला धक्का लागला की यंत्र आवाज करील, मी हात थांबवीन. वीज गेली तर, असं मी विचारलं. जनरेटर आहे म्हणाल्या. जनरेटर बंद पडला तर, हे विचारायचं राहून गेलं. दीपेशने विचारलं, सगळी काढून टाका ना, पुन्हा खेपा कशाला? त्या म्हणाल्या, नस सुटत नसेल तर गाठीचा पापुद्रा तिथेच ठेवता येतो, मग दर वर्षी तपासायचं, वाढला तर किरण द्यायचे.

घरी येऊन मी उजवा गाल हाताने खाली ओढून पुतळाबाईशी बोलून पाहिलं. तिला काही कळेना. पुन्हा बोललो. तिने माझा हात धरून खाली केला.

"अर्ध्या तोंडाचा बी मी शिकन," ती म्हणाली. "सगली काढू दे. तुमी फकत परत या."

तरी माझी इच्छा अशी: नस सुटली तर गाठ पूर्ण काढावी. सुटत नसेल तर पापुद्रा ठेवावा, ओढू नये. या वयात नवी भाषा शिकायला तिला बसवायचं नाही. मी बेशुद्ध असताना कोणी विचारलं, तर दीपेशने याच्या उलट सांगू नये.

५. खाडीकडचं भातशेत मुलगा दीपेश याला देतो. तो आईशी पाठ करून बोलतो, ओठ न उघडता पुटपुटतो, नाहीतर हातवारे करतो. लहानपणापासून तिचं काही असलं की 'बाबा, तुम्हीच सांगा,' हे त्याचं ठरलेलं. मीही सांगत आलो.

मी टेबलावरच गेलो, तर ते तिला बायकांच्या रडण्यावरून कळू देऊ नये. रीमाने सांगू नये, पास्कलनेही नाही. दीपेशने घरी यावं, तिला उजेडात बसवावं, समोर बसावं, आणि 'बाबा गेले' एवढं सावकाश, पूर्ण तोंड उघडून सांगावं. तिला कळलं नाही तर पुन्हा सांगावं. कळेपर्यंत उठू नये.

हे वाचून घेतलं, समजून सही केली.

धर्मा गोपाळ केणी (सही)

आमच्यासमोर सही झाली:
पास्कल तुस्कानो (सही)
बेसिल डाबरे (सही)

ठिकाण: वसई
दिनांक: ११ नोव्हेंबर २००३