पडद्यावरची जांभळी साडी

प्रिय वर्षाली,

तुझे फोन येतायत, मी उचलत नाही. बोलायला लागले तर रडेन, म्हणून लिहिते.

परवा चिंचवडच्या सभागृहात तू बोलायला उभी राहिलीस, तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या बाईंना मी कौतुकानं सांगितलं, ही माझी मुलगी. तुझं बोलणं कळतही होतं. मेंदूतल्या दोन पेशी जिथं निरोप देतात, तिथं तो झेलणारे ग्राही असतात. ते ठोकून बसवलेले नसतात, सारखे हलतात. काही प्रथिनं त्यांना जागेवर धरतात, काही आत ओढतात, काही परत वर आणतात. मला आळंदीचं कीर्तन आठवलं, पिशवी ठेवून एकमेकींची जागा धरणाऱ्या बायका. मग म्हणालीस, एका आजारात आपल्याच शरीरातली, एरवी रोगाशी लढणारी प्रतिपिंडं या ग्राहींना चिकटतात, पेशी त्यांना आत ओढून घेते आणि निरोप झेलायला पुरेसं कुणी उरत नाही. आणि पडद्यावर मी.

केस मोकळे, घुमतेय, देव्हाऱ्यातले देव फेकतेय, तुझ्या बाबांना शिव्या देतेय. चेहरा पुसट केला होतास, खरंय. पण ती रफू केलेली जांभळी साडी? चांगली आहे म्हणून तीच नेसून मी तिथं बसले होते गं. बाईंनी पडद्याकडे बघितलं, माझ्या पदराकडे बघितलं, आणि पर्स उचलून एक खुर्ची पलीकडे सरकल्या.

फक्त डॉक्टरांना दाखवायला, असं म्हणून माझ्या आजारपणात तू ते शूटिंग केलं होतंस. आपल्या घराशेजारच्या गोजाबाई अंगात देवी आली समजून माझी ओटी भरत होत्या, तू त्यांना बाजूला सारून मला दवाखान्यात नेलंस. तू होतीस म्हणून मी आहे, हे रोज दिव्यापुढे म्हणते. म्हणूनच जास्त लागलं. एका शब्दानं विचारायचं होतंस.

तरी आज लिहायला बसले ते गोजाबाईंच्या सुनेसाठी. करिष्मा झोपत नाही, तोंड वेडंवाकडं करते, भलतंच बरळते. देवी आली म्हणून आपलं निम्मं चिखली गाव तिच्या पाया पडून गेलं. दवाखान्यात न्या म्हटलं, तर गोजाबाई म्हणतात, तुमच्याही अंगात आलीच होती की, गेली आपोआप. तेव्हा ते शूटिंग मला पाठव, चेहरा न पुसता. त्यांच्या घरात बसून दाखवणार आहे, ही मी, असं माझ्या तोंडानं सांगणार आहे. बाबा चाकणला शिफ्टला जाताना हे पत्र तुझ्या खोलीवर देतील. लगेच गाडी घेऊन ये, करिष्माला न्यायचंय. माझ्याशी मात्र इतक्यात बोलू नकोस.

रागात असले तरी तुझीच,
आई