बोल्टांवरचे पांढरे ठिपके

दि. ९ जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा आई जास्त कुरकुरते, म्हणजे सगळं नेहमीसारखं. हे पत्र खाणीवर पाणी नेणाऱ्या टँकरवाल्याच्या हाती देतोय. तुझ्या दवाखान्याचा फोन लागत नाही, मोबाइलला तिथे वर रेंज नाही, आणि वाट बघत बसण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही.

आधी कामाचं सांगतो. तुझ्या गाडीला हात लावू नकोस. पेशंट खाली आणायचा असला तरी नाही. टँकरवाला त्याला केबिनमध्ये बसवून आणेल, मी बोललोय त्याच्याशी. किल्ली नर्सांच्या खोलीत ठेवू नकोस, दुसऱ्या कुणाकडे तरी दे. मी तुला ओळखतो.

नवा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोर वाटून देणारा डबा, बसवायचा हट्ट तुझाच होता. खाणीच्या चढावर मागचं एक चाक चिखलात गेलं की तेच गरागरा फिरायचं आणि दुसरं नुसतं बघत बसायचं. नव्या डब्यातल्या चकत्या दोन्ही चाकांना धरून ठेवतात, म्हणून जोर दोघांनाही मिळतो. 'गाडी आता न रडता चढ चढते' असं तू कळवलंस, तेव्हा मी आईसमोर कॉलर ताठ केली होती. पण तो डबा बसवताना जुन्यावरचं मोठं दातेरी चक्र काढून नव्यावर बोल्टांनी आवळावं लागतं. बोल्ट सैल राहिले तर हळूहळू बाहेर येतात. एखादा दातांत अडकला की मागची चाकं जागच्या जागी जाम. चढावर झालं तर निभावेल. उतारावर, त्या दरीकडच्या वळणावर झालं तर... पुढचं मला लिहवत नाही.

माझी पद्धत तुला माहीत आहे. बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की टॉर्क पाना 'टक' वाजतो, आणि मगच बोल्टावर पांढऱ्या रंगाचा ठिपका. टक नाही तर ठिपका नाही. या ठिपक्यांच्या जिवावर लोक माझ्याकडे डोळे झाकून गाडी सोडतात.

परवा एका टॅक्सीवाल्याची चाकं बसवली. निघताना तो वाकून म्हणाला, "मिस्त्री, नट तर हातानं फिरतायत!"

मी म्हटलं, "शक्यच नाही. ठिपके बघ."

ठिपके होते. सगळ्या नटांवर, अगदी नीटनेटके. आवळलेला मात्र एकही नव्हता. पाना भिंतीवरच लटकलेला होता, मी तो काढलाच नव्हता. टॅक्सीवाला भला माणूस, हसून म्हणाला, "होतं असं कधीकधी." मी पाना काढून सगळे नट पुन्हा आवळले.

तेव्हापासून मी तुझ्या गाडीचे बोल्ट आठवतोय. ठिपके आठवतात, डोळ्यांसमोर दिसतात. टक काही केल्या आठवत नाही. त्या दिवशी गॅरेजात मी एकटाच होतो, नाहीतर कुणाला तरी विचारलं असतं. जेवताना मध्येच घास हातात धरून बसतो. आई विचारते, "काय ऐकताय?" तिला काय सांगू?

मी स्वतः येणार होतो. आई दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, "मागच्या आठवड्यात बाजारातून घर सापडेना, आणि आता डोंगर चढायला निघालेत!" हे तुला कळवायचं नाही असं आमचं ठरलं होतं. गल्ली चुकलो, एवढंच. त्या रस्त्यावर नवी दुकानं झालीत, कुणीही चुकेल. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

खाणीवरच्या फिटरचा आणि माझा छत्तीसचा आकडा, तुला ठाऊकच आहे. आज त्यालाही चार ओळी लिहिल्यात. तेल काढ, मागचं झाकण उघड, एकेक बोल्ट पान्याने तपास, हसायचं तर खुशाल हस, पण ठिपक्यांवर विश्वास ठेवू नकोस. हे लिहिताना मान खाली गेली. जाऊ दे. तू सलामत राहिलीस तर मान पुन्हा वर करता येईल.

उत्तर टँकरवाल्याबरोबरच पाठव. तो परत येईपर्यंत माझं कशातच लक्ष लागायचं नाही.

तुझा भेदरलेला,
बाबा

दि. १० जानेवारी

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

मी सुखरूप आहे. पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं सावकाश वाचाल.

फिटरकाकांनी आज सकाळीच झाकण उघडलं. हसले बिलकूल नाहीत. सगळे बोल्ट घट्ट आहेत. प्रत्येकावर पाना टक वाजला, एकही बोल्ट केसभरसुद्धा फिरला नाही. "तुझ्या बापाचा हात अजून पक्का आहे," असं म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघालं, तेव्हा आईसमोर कॉलर पुन्हा ताठ करा.

बाबा, बोल्ट घट्ट निघणार हे मला माहीत होतं. त्या दिवशी तुम्ही एकटे नव्हता. मी होते. मी सुट्टीवर आले होते. तुम्ही पाना आवळायचात, टक वाजला की "ऐकलंस?" विचारायचात, मी "ऐकलं" म्हणायचे. रंगाची डबी माझ्याकडे होती. तुम्हाला जे ठिपके डोळ्यांसमोर दिसतात, ते मी दिलेत.

तरी मी गाडी उघडायला लावली. तुमचं पत्र वाचल्यावर वाटलं, एखादा तरी बोल्ट सैल निघू दे. म्हणजे तुमचं खरं ठरेल, आणि चुकीचं मला आठवत असेल. शेवटचा बोल्टही घट्ट निघाला तेव्हा फिटरकाका खूश झाले आणि मी मात्र तशीच रजेचा अर्ज लिहायला बसले. त्या दरीकडच्या वळणाची भीती मला आता वाटतच नाही. दुसरीच वाटते, आणि ती खूप मोठी आहे.

मी रजा टाकली आहे. उद्या निघते, त्याच गाडीने. आपण तिघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ. गॅरेज तोवर बंद ठेवा, माझी शपथ आहे. हे पत्र आईलाही वाचायला द्या. तिला एकटीला हे सगळं सांभाळू देऊ नका.

दर वेळी मी आले की तुम्ही आधी गाडीभोवती फेरी मारता आणि मग माझ्याकडे बघता. या वेळी आधी माझ्याकडे बघा, आणि मला हाक मारा.

तुमची,
भिंगरी