एक बाहुली, चार हात

प्रिय सम्यक,

दीड वर्षाने माझी अक्षरं पाहून आधी चार शिव्या घालशील. घाल. पण शेवटपर्यंत वाच.

आपलं ॲप आता मढच्या बहुतेक होड्यांवर आहे. वारा फिरला की फोन कोकलतो आणि माझे बाबा वाऱ्याऐवजी फोनवरच ओरडतात. कंपनीला त्याचा सोहळा करायचाय, म्हणून निमेश सरांनी मला कोडच्या इतिहासाची फिल्म बनवायला सांगितली. त्यात प्रत्येक फाइल म्हणजे एक ठिपका. ती ज्याने बदलली त्याच्या नावाची बाहुली येते आणि ठिपका उजळवून जाते. तीन वर्षांचं काम पाच मिनिटांत झाडासारखं वाढतं. झकास दिसतं रे.

पण वाऱ्याच्या इशाऱ्याच्या अख्ख्या फांदीवर बाहुली एकच, माझी. तुझा लॅपटॉप बिघडला, नवा देतो देतो म्हणत कंपनीने सात महिने काढले आणि आपण अंधेरीच्या ऑफिसात माझ्याच मशीनवर पाळ्या लावल्या. दुपारपर्यंत मी, मग तू. मशीनवर नाव माझं, त्यामुळे तुझी ओळन् ओळ माझ्या नावावर चढली. मी बदलायला निघाले तर तूच म्हणालास, "नावाचं काय घेऊन बसलीस यार, होडी परत आली म्हणजे झालं ना!"

मग फिल्ममध्ये माझ्या हळदीचा दिवस आला. मी मढला अंगणात पिवळीधमक बसलेले, बायका गात होत्या, आणि पडद्यावर माझी बाहुली सकाळपासून राबत होती. तो तू होतास.

नोकरकपातीच्या वेळी सरांनी त्या सात महिन्यांच्या कामाची यादी काढली. तुझ्या नावापुढे जवळजवळ काहीच नव्हतं. हा करत काय होता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी त्याच खोलीत होते. आपलीही नोकरी जाईल म्हणून घाबरले आणि गप्प बसले. त्याची मला रोज लाज वाटते.

काल सरांना तारीखवार सगळं दाखवलं. जुनं कशाला उकरतेस, म्हणाले. मी सांगितलं, फिल्ममध्ये दोन बाहुल्या असतील, नाहीतर फिल्मच नसेल. शुक्रवारी सगळ्यांसमोर मीच बोलणार आहे. नोकरीचं काय व्हायचं ते होवो.

मागच्या आठवड्यात कांदिवलीला तुझी बहीण सपना भेटली. प्रत्येक मुलाखतीत तुझ्या नावावरचं काम दाखव म्हणतात आणि तू हात हलवत परत येतोस, हे तिच्याकडून कळलं. म्हणून हे कागदावर, सहीसकट. माफीसाठी नाही लिहिलेलं. पुढच्या मुलाखतीला घेऊन जा, टेबलावर ठेव. पाकिटावर माझा नंबर आहे. म्हणावं, हिला विचारा.

तुझं काम स्वतःच्या नावावर मिरवलेली, तुझीच
कल्पिता