कॅमेऱ्याने मान वळवली की

४ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

फोन हाताशी असून आई कागद घेऊन बसली म्हणून हसू नकोस. परवापासून घरातल्या कुठल्याच यंत्रासमोर तोंड उघडवत नाही.

परवा दुपारी मी बाबांचे स्वेटर घडी करत होते. तू कपाटावर बसवलेल्या कॅमेऱ्याने मान वळवली. मला वाटलं, तूच. विचारलं, आज कामाला दांडी वाटतं? तर त्यातून परका पुरुष राणीसाहेब म्हणाला आणि हसला. ठमे, त्या नावाने मला जन्मात एकाच माणसाने हाक मारली. मी कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा टाकला नि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

वायरमन म्हणाला, पासवर्ड फुटला असणार. फुटेल नाहीतर काय! तू चांगला अवघड लावत होतीस, तर बाबाच अडून बसले, राणीसाहेबच ठेव, दुसरं काही माझ्या लक्षात राहायचं नाही. कोपऱ्यावरून तीच हाक मारत यायचे. साऱ्या गल्लीला पाठ.

तो माणूस कधीपासून बघत होता, ते म्हणे तुझ्या खात्यात कळतं. बघून लिही. बाबांच्या आजारपणात तर नव्हता ना? अंग पुसताना सख्ख्या भावालाही खोलीबाहेर काढायचे ते.

जपून राहा, आईवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
आई

१३ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

पासवर्ड बदलला, कॅमेरा इथूनच बंद केला. कंपनीने गैरसोयीबद्दल दिलगिरी कळवली, म्हणजे झालं त्यांचं काम!

खातं पाहिलं. तो तुझ्याशी बोलला त्याच आठवड्यात शिरला होता. आधी आपल्याशिवाय कुणी नव्हतं. तेव्हा मनातून काढून टाक आणि वेळेवर जेव.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझी ठमी

२२ मार्च

चि. ठमीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून घास गोड लागला. तरी एक विचारते. शेवटी शेवटी कॅमेऱ्याने मान वळवली की मी बाबांना सांगायची, बघा, लेक आली. ते पांघरूण सावरून हात वर करायचे. कुरकुरायचेही, कार्टी नुसती बघते, बोलायला काय होतं हिला? मी म्हणायची, ऑफिसात असेल. ते गेले त्या दुपारीही मान वळली. डोकं उचलवत नव्हतं, तरी हात उचलून हसले. तू होतीस ना गं?

उत्तराची वाट बघते आहे.
आई

३१ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

होते, आई. मीटिंग चालू होती म्हणून बोलता आलं नाही. त्यांनी निळ्या स्वेटरमधला हात वर केला, मीही केला. आता हे पुन्हा विचारू नकोस.

तुझी ठमी

९ एप्रिल

चि. ठमीस,
अ. उ. आ.

निळा स्वेटर त्या दिवशी दोरीवर वाळत होता. खोटं बोलणं तुला शाळेतही जमलं नाही; सिस्टर तुझे लाल झालेले कान बघूनच ओळखायच्या. पत्रात कान दिसत नाहीत, एवढंच.

रडू नकोस. मीही आता विचारणार नाही. काकांनी विचारलं तर तू लिहिलंस तेच सांगेन, स्वेटरसकट. बघणारा कुणी का असेना, त्यांनी हात तुलाच केला होता. तो तुझाच. घे.

कॅमेरा वायरमनला देऊन टाकला. कपाटावर त्याच्या बुडाचा गोल डाग राहिला आहे, पुसून जात नाही.

सुट्टी मिळाली की ये. दार वाजव, मी उघडते.
आई