पायाशी आलेले मासे

९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या खांद्याला कपाटाचं दार लागलं होतं, ते आता कसं आहे? तुझी तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण राग धरून बसले होते. ते पुढे सांगते, आधी तळ्याची बातमी ऐक.

यांनी निवृत्त झाल्यावर मागच्या अंगणात तळं खणलं. पाणी भरलं, डास झाले, आणि मासे आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हे म्हणत होते, नदीवरून बादलीभर उचलून आणू. मी सरळ मत्स्यबीज केंद्रात गेले. तिथले मासेवाले चौकशी अशी करतात, जणू पोटची पोर द्यायची आहे: पाणी किती खोल, ऊन किती वेळ, मासे खायला हवेत की बघायला? बघायला, म्हटलं. नदीच्या बादलीचं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "काकू, त्यात एखादं शिकारी पिल्लू आलं, तर वर्षभरात तळ्यात ते एकटंच उरेल!" शेवटी डासांच्या अळ्या खाणारे चिमुकले वीस आणि बघायला केशरी पंधरा, असं ठरलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पिशवी अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवली आणि मग मासे सोडले.

पुढचे आठ दिवस मी काठावर उभी राहून खाणं टाकत होते. एक केशरी शेपूट दिसेल तर शपथ! यांचा गुडघा सुजलेला, त्यामुळे हे बाहेर येत नव्हते. नवव्या दिवशी मी केंद्रात जाऊन मासेवाल्यांना चारचौघांत फैलावर घेतलं. "मरतुकडे मासे गळ्यात मारलेत!" ते हातातलं काम टाकून माझ्याबरोबर आले. काठावर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "काकू, मान खाली घाला. पायाशी बघा."

पंधराच्या पंधरा तिथे होते, तोंडं उघडून. खाणं माझ्या पायाशी सांडत होतं आणि मी तळ्याच्या मध्यावर डोळे लावून उभी होते.

"येताना तुम्ही पायरीला अडखळलात, बादलीलाही," ते म्हणाले. "डोळे दाखवून या." मी त्यांना लोकांसमोर नाही नाही ते बोलले होते, त्यांनी मात्र हे मला एकटीला सांगितलं. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

ताई, मला बाबा आठवले. समोरचं वर्तमानपत्र घडाघडा वाचायचे आणि शेजारी ठेवलेला चहा सांडायचे. गेल्या वर्षी तू हेच लिहिलंस, बाबांचे डोळे आपल्याकडे आले असतील, तपासून घे. आणि मी काय उत्तर दिलं? "मी अजून एका फटक्यात सुईत दोरा ओवते, तू तुझं घर सांभाळ." जन्मभर शिवणकाम केल्याचा माज, दुसरं काय!

काचबिंदू आहे. कडेची गेलेली नजर परत येणार नाही. मधली शाबूत आहे, ती रोज थेंब घालून राखता येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. तुझं पत्र डोक्यात नसतं, तर मी मासेवाल्यांचं बोलणंही झटकून टाकलं असतं. ही उरलेली नजर तुझ्यामुळे आहे. चुकले मी, ताई.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "सख्खी भावंडं?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "एक ताई आहे, तिनेच मला सावध केलं." त्या म्हणाल्या, "त्यांनी स्वतः तपासून घेतलंय का?"

घरी येऊन मी तुझी तिन्ही पत्रं पुन्हा वाचली. एकात तुझा हात कढईच्या कडेला भाजला आहे. एकात पायरी चुकली आहे. आणि तिसऱ्यात ते कपाटाचं दार, जे म्हणे कोणीतरी उघडं टाकलं होतं. ताई, तू एकटी राहतेस. दार उघडं कोण टाकणार?

गुरुवारी सकाळी अकराची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. यांचा गुडघा आता बरा आहे, बुधवारी हे गाडी घेऊन न्यायला येतील. भांडायचं असेल तर इथे येऊन भांड, तळ्याच्या काठावर दोन खुर्च्या मांडून ठेवते. पण नाही म्हणू नकोस. मी नाही म्हटलं होतं.

तुझी, उशिरा का होईना ऐकणारी,
धाकटी