काढ्याची बातमी

नाशिक, गुरुवार, सायंकाळ. मार्गशीर्ष, शके १८५७.

वाचनालयात दर गुरुवारी आम्हा स्त्रियांचे वृत्तपत्रवाचन असते. मी बातमी वाचायची आणि ऐकणारणींनी विचारायचे, "हे कोणी पाहिलं?" असा शिरस्ता. गेल्या खेपेस क्षयावरील एका काढ्याचा मजकूर मी बातमीच्या सुरात वाचला. खाली बारीक अक्षरांत 'जाहिरात' असे छापले होते, ते माझ्या नजरेतून सुटले. कोणी काही विचारलेही नाही.

आज गोदूकाकू म्हणाल्या, "तो काढा आलाय हो. उद्यापासून सुनेचं डॉक्टरांचं औषध बंद."

मी अंक पुन्हा काढून पाहिला. अक्षरे खरोखरच इतकी बारीक होती का? होती; पण वाचता येण्याजोगी. मग पंधराजणींसमोर उभी राहिले.

"काकू, ती जाहिरात होती. चूक माझी. औषध बंद करू नका."

"मॅट्रिकला पहिली आलेली ना ही?" मागून कोणीतरी म्हणाले. हशा झाला.

काकू मात्र हसल्या नाहीत. "दुसरीनं वाचलं असतं तर विचारलं असतं, बाई. तू वाचलंस, म्हणून नाही विचारलं."

सुनेचे औषध चालू राहील. उरले ते काकूंचे वाक्य. तो माझा मान की माझा दोष? ठरवता येत नाही.

पुढील गुरुवारी काकूंनीच वाचावे, असे मी सुचवले आहे. त्या अडखळत वाचतात. तेवढ्यात इतरांना शंका काढायला सवड मिळेल.