उघड्या टपाची गाडी

मनमोहनकाका,

आज नमस्कारबिमस्कार नाही, नुसता राग आहे. तुमची उघड्या टपाची गाडी माझ्या घोडपदेवच्या गॅरेजमध्ये येऊन दोन वर्षं झाली. इंजिन मी मागच्या गणपतीआधीच तयार केलं होतं. मग तुम्हाला रंग फिका वाटला. तो बदलला, तर टपाचं कापड आवडेना. तेही बदललं. काल म्हणालात, "मानसी, हॉर्न तुझी काकू होती तेव्हासारखा वाजत नाही गं." काका, हॉर्न जुनाच आहे! मी त्याला हातसुद्धा लावलेला नाही.

मी चिडून विचारलं, "तुम्हाला गाडी न्यायचीच नाहीये का?" तुम्ही डावीकडचं दार उघडून आत बसलात आणि शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिलात. मग हळूच म्हणालात, "चाळीस वर्षं उर्मिलाच चालवायची. मला येतच नाही."

एवढं सांगायला दोन वर्षं? मला तुमचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. तुमच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेले.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तुम्ही पुन्हा 'येतो बघू' म्हणाल. त्यापेक्षा रविवारी सकाळी सात वाजता मीच गाडी घेऊन गिरगावात येते. टप खाली केलेला असेल. चालवीन मी. काकूंना सांगायचात तसं तुम्ही फक्त कुठे वळायचं ते सांगा.

तुमच्यावर वैतागलेली,
मानसी